खंडेनवमीची चिप

खंडेनवमीला पाटावर जेवता जेवता नंदिनीच्या लक्षात आलं आणि ती अर्ध्या घासावरून उठली. चिप चुकीची गेली होती.

उद्यमनगरात दत्तोपंतांचा कारखाना यंत्रं चालवणारे बोर्ड बनवायचा, आणि त्यांचे प्रोग्राम ती लिहायची. चालू हो, थांब, ठोके मोज, असे सगळे हुकूम तिनं एकदाच लिहून त्यांची लायब्ररी केली होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ती प्रत्येक बोर्डासाठी वेगळी कंपाइल करायची, म्हणजे त्या बोर्डाला कळेल अशा भाषेत उतरवायची, आणि चिपमध्ये भरायची. त्याआधी एका ओळीत बोर्डाचं नाव तेवढं बदलायचं. परवा दुरुस्तीच्या कामासाठी तिनं तिथं जुन्या बोर्डाचं नाव घातलं होतं, आणि गणपतराव या गिऱ्हाइकाच्या, पत्रा ठोकून वाट्या काढणाऱ्या नव्या प्रेसची चिप तशीच भरून दिली. नव्या बोर्डात 'थांब'ची तार दुसऱ्या जागी होती. म्हणजे प्रेस झकास चालणार. पण हात आत जाऊ नये म्हणून लावलेली पुढची जाळी उघडली तरी थांबणार नाही.

ती तशीच दत्तोपंतांकडं धावली, आणि चिप आजच पुन्हा भरू द्या म्हणाली. ऑफिसात कॉम्प्युटर हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून बसला होता.

"पूजेला बसलेलं यंत्र आज हलवायचं नसतं, नंदिनी," दत्तोपंत म्हणाले.

"पण उद्या मुहूर्ताला प्रेस चालवणाऱ्या पिराजींचा हात गेला तर?"

"मुहूर्तापुरते चार ठोके मारायचे. तू मेन स्विचपाशी उभी राहा. परवा चिप बदलू."

नोकरी नवी, माणूस वडिलांच्या वयाचा. ती गप्प बसली. गप्प बसायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

दसऱ्याला सकाळी गणपतरावांच्या कारखान्यात तिनं पिराजींना बाजूला घेतलं. "जाळी उघडली तरी आत हात घालू नका. प्रेस थांबत नाही."

"व्हय की ताई. उभा जलम प्रेसवर गेला, पर बोटं जाग्यावर हायत बघा!" हसत त्यांनी दोन्ही पंजे दाखवले.

नारळ फुटला. प्रेस सुरू झाली. पत्र्याच्या वाट्या खणाखण खाली पडू लागल्या तशा टाळ्या वाजल्या. गणपतरावांची छाती फुगली. नंदिनीचा उजवा हात स्विचवर घट्ट होता.

"घे, तोंड गोड कर," दत्तोपंतांनी पेढा पुढं केला.

प्रसाद डाव्या हातानं कसा घ्यायचा? तिनं स्विचवरचा हात काढून पुढं केला. नेमका तेव्हाच हादऱ्यांनी प्रेसवरचा हार सुटून डायवर, ठोका बसतो त्या साच्यावर, पडला. पूजेचा हार डोळ्यांदेखत चिरडू द्यायचा? पिराजींनी जाळी उघडली आणि आत हात घातला.

तिनं स्विच पाडला, पण एका ठोक्यानं उशीर झाला.

संध्याकाळी गावभर सोनं वाटणं चाललं होतं. गल्लीत कुणीतरी हातात कोंबलेली आपट्याची पानं घेऊनच नंदिनी दवाखान्यात पोचली. पिराजींचा उजवा हात मनगटापाशीच संपला होता. त्या पांढऱ्या बँडेजकडं तिला बघवेना. मोठ्यांना सोनं द्यायचं म्हणून तिनं पानं पुढं केली आणि ती रडायला लागली.

पिराजींनी डावा हात उचलला, आणि अर्ध्यातूनच मागं घेतला.

"डाव्या हातानं सोनं घिऊ न्हाय, ताई," ते म्हणाले. "हिच्याकडं द्या."

उशाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं, पदर पसरला. नंदिनीच्या हातून पानं सुटेनात.