फुग्याची दाढी

असं समजा, तुमच्यासमोर खुर्चीत एक फुगा बसलाय. लाल, टम्म फुगलेला, गालांवर साबणाचा फेस. वस्तरा तुमच्या हातात. फेस सगळा निघाला पाहिजे, फुगा मात्र फुटता कामा नये. भल्याभल्यांना घाम फुटतो बरं का यात!

सलूनवाल्यालाही फुटला होता. नव्या माणसाचा हात असाच तपासायचा, ही त्याच्या वडिलांची पद्धत. पण हा तर सलूनचा मालक! दारूपायी वस्तरा हातातून सुटला होता. सुरुवात गंमत म्हणून झाली. पुढे सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे आणि थरथर थांबवायला तो पुन्हा एक घोट घ्यायचा. तेल ओतून आग विझते का कधी? अशाच एका सकाळी लेकीचे केस कापताना कात्री तिच्या कानाला लागली. त्यानंतर ती त्या खुर्चीजवळ फिरकली नाही. आई घरीच तिचे केस कापायची, उंदराने कुरतडल्यासारखे.

मग दवाखाना झाला, औषधं झाली, महिनेच्या महिने गेले. आज तो पहिल्यांदा वस्तरा उघडत होता. फुगा लेकीनेच फुगवून दिला होता, पण ती उभी होती दारात. लांब.

हात थरथरला. फट्! फेस थेट त्याच्या नाकावर.

"बाबा, गिऱ्हाईक गेलं!" लेक खिदळली.

आवाज ऐकून शेजारचा शिंपी आला. तोही पिणारा, त्या गल्लीत न पिणारेच शोधावे लागत. खिशातली बाटली हळूच दाखवत तो म्हणाला, "अरे वेड्या, एक घोट घे. हात दगडासारखा होईल बघ."

तो ओळखीचा वास आला आणि सलूनवाल्याच्या घशाला कोरड पडली. त्याने दाराकडे पाहिलं. लेकीचं हसू मावळलं होतं. तिचा हात नकळत कानावरच्या व्रणाकडे गेला होता.

"दगडच व्हायचं असतं तर गड्या, दारातली पायरी झालो असतो," तो म्हणाला. "ठेव ते खिशात. आणि उद्या चल माझ्याबरोबर दवाखान्यात. तू शिवलेल्या पँटचे दोन पाय हल्ली एकमेकांशी बोलत नाहीत."

शिंपी ओशाळून हसला.

"बाळा, दुसरा फुगा दे."

निळा आला. कोपर अंगाशी टेकवून, श्वास रोखून त्याने वस्तरा फिरवला. एक गाल झाला, दुसरा झाला, शेवटी गाठीजवळची अवघड जागा. फुगा चकचकीत!

"आयला, माझ्यापेक्षा गुळगुळीत!" शिंप्याने टाळी वाजवली.

लहान मुलांना बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकतात ना, ती फळी लेकीने कोपऱ्यातून ओढत आणली. फुंकर मारून धूळ उडवली, खुर्चीवर टाकली आणि वर चढून बसली. मग व्रणावरचे केस आपल्याच हाताने मागे सारून म्हणाली, "बाबा, या बाजूने सुरू कर."