माझी वीतभर उंची

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. जुनी म्हटल्यावर माझ्या चाकांकडे बघून तुम्हाला हसू येईल, मित्रांनो, कारण चाकं माझी नवी, रुंद आणि चकचकीत आहेत. आजीने नातीचे बूट घालावेत तसं माझं झालं आहे. या चाकांनी मला वीतभर उंच केलं. त्या वीतभर उंचीत काय हरवलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी रांगेत उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. मला एका काचवाल्याने निवडलं. त्याने ना माझं इंजिन ऐकलं, ना रंग पाहिला. मागच्या हौद्यावर हात आडवा ठेवून माप घेतलं आणि म्हणाला, "हिच्यात आपली घोडी बसेल." मी घाबरलेच. आता जनावरं वाहायची की काय! घोडी म्हणजे काचा टेकवून उभ्या ठेवायची तिरकी लाकडी चौकट, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

काचवाल्याला घरात बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. पहिली बारा वर्षं त्यांनीच मला चालवलं. मग त्यांचा मुलगा, आमचा दादा, स्टिअरिंगवर बसला आणि बाबा शेजारच्या सीटवर सरकले. सरकले म्हणजे कामातून मोकळे झाले असं समजू नका. आमच्या कामात एक माणूस चालवतो आणि एक माणूस ऐकतो. घोडीवरची काच जरा सैल झाली की बारीक कुरकुरते. इंजिनाच्या आवाजात ती कुरकुर ओळखणं सोपं नाही. मला ती पाठीला जाणवायची आणि बाबांना कानाला. बाबा म्हणायचे, "हळू घे. कुरकुरतेय." दादा लगेच वेग कमी करायचा. एवढंच काय ते बोलणं. बाकी बाप-लेक तासन्‌तास गप्प असायचे, पण तेव्हा मला कधी एकटं वाटलं नाही.

मग माझे टायर झिजून अगदी गुळगुळीत झाले. दादा मला टायरवाल्याकडे घेऊन गेला. टायरवाल्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं केलं.

"तेच माप घालू? की रिमसकट मोठी चाकं घालायची? गाडी कशी उठून दिसेल बघा."

"बसतील का हिला?"

"थोडी वर उचलावी लागेल. ते माझ्यावर सोडा."

खरं सांगते, मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत मी उठून दिसावं, असा विचार कुणी केला नव्हता. त्याने माझी जुनी चाकं काढली, स्प्रिंगखाली ठोकळे घातले, चाकांवरच्या पत्र्याच्या कडा कापल्या आणि मोठी रिमं चढवली. दादा लांब जाऊन बघत होता, जवळ येऊन बघत होता. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. जुनी चाकं टायरवाल्यानेच ठेवून घेतली. मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही, इतकी मी मिजासखोर झाले होते.

घरी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, टाळ्याच वाजवल्या. बाबांनी माझ्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे." सकाळी कामाला निघायच्या वेळी त्यांनी नेहमीसारखं दार उघडलं आणि पाय उचलला. पाय माझ्या उंबऱ्याच्या खाली हवेतच थांबला. त्यांनी तो खाली टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. दादा तेव्हा पलीकडच्या आरशात माझी नवी चाकं बघत होता.

"अरे, चष्मा घरात राहिला. तू जा पुढे," बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकीच्या काचा कापायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी काच कापायचा हिरा सापडत नव्हता. चौथ्या दिवशी कुणीतरी भेटायला येणार होतं. ते कुणीतरी कधी आलंच नाही. बहाणे करायची सवय नव्हती बिचाऱ्यांना. पण दादाला त्यातला एकही ओळखता आला नाही. त्याने भलताच अर्थ काढला.

"बाबा रागावलेत," तो वहिनीला म्हणाला. "न विचारता चाकं बदलली ना, म्हणून."

"अहो, मग विचारा ना त्यांना."

"मी कशाला विचारू? राग त्यांना आलाय, त्यांनी बोलावं."

वहिनी म्हणाली, "शोभता खरे बाप-लेक," आणि आत गेली.

त्यानंतरचे दोन महिने मला नकोसे वाटतात. शेजारच्या सीटवर आधी पावत्या आल्या, मग पुट्टीचा डबा आला, मग दादाचं जॅकेट. सीटला बाबांच्या बसण्याने पडलेला खळगा होता, तो त्या वस्तूंनी भरत नव्हता. रस्त्यावर माणसं माझ्याकडे वळून बघायची. मुलं चाकांना हात लावायची. इतकं कौतुक मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

काचाही फुटू लागल्या. चूक माझ्या वेग दाखवणाऱ्या काट्याची होती. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, हे काट्याला काय ठाऊक? तो चाळीस दाखवायचा तेव्हा मी पंचेचाळीसने धावत असायचे. दादाला वाटायचं, आपण नेहमीच्याच वेगाने चाललोय. मागे काच कुरकुरायची, मला पाठीला कळायचं, पण "हळू घे" म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं. घरी पोचून काचेवरचं कापड उचललं की तडा दिसायचा. दादा रस्त्याला शिव्या द्यायचा.

एका दुपारी दादा जेवून आडवा झाला होता. बाबा हळूच अंगणात आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रंगाचा रिकामा डबा माझ्या दाराशी उपडा घातला आणि त्यावर पाय ठेवला. एक हात माझ्या दाराला, एक सीटला. चढा बाबा, चढा, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. डबा कलंडला आणि बाबा खाली बसले. फार लागलं नाही, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला. माझ्या टायरला धरूनच ते उठले. मग त्यांनी डबा जागच्या जागी ठेवला, आणि धुळीने भरलेल्या टायरवर त्यांच्या हाताचा ठसा उमटला होता तो रुमालाने पुसून टाकला. मला हॉर्न वाजवून सगळ्या घराला उठवावंसं वाटलं. पण हॉर्न माझा असला तरी तो वाजवणं माझ्या हातात नाही.

पुढच्या आठवड्यात एका नाचाच्या वर्गासाठी भिंतभर आरसा न्यायचा होता. तो वाटेतच उभा चिरला. दादा घरी आला तो लालबुंद होऊन. बाबा दारातच उभे होते.

"उद्या दुसरा आरसा आणायचाय. चला माझ्याबरोबर."

"तू जा. मला काम आहे."

"दोन महिने तुम्हाला काम आहे! गाडीचा राग आहे ना? मग तसं तोंडावर सांगा की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

"अरे, राग कसला? चढता येत नाही मला."

दादाने वळून माझ्या दाराखालची उंची पाहिली.

"मग सांगायचं ना, बाबा."

"काय सांगायचं? सोळाव्या वर्षापासून माझ्याबरोबर काचाच उचलतोयस. पहिल्यांदा स्वतःच्या हौसेने काहीतरी केलंस. इतका खूश होतास तू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा मला वेल्डरकडे घेऊन गेला. दाराखाली दोन पायऱ्या आणि आत धरायला एक दांडा बसला. जुनी चाकं परत आणतो म्हणाला होता, पण बाबांनीच नको म्हटलं. बाबा चढले, तेव्हा दादा मागे दोन्ही हात पसरून उभा होता, अंगाला न लावता. सीटवर बसल्यावर बाबा म्हणाले, "अरे, इथून तर भिंतीपलीकडचं दिसतं!" त्या दिवशी आरसा अख्खा पोचला. रस्ताभर दोघं गप्प होते. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं झालं.

पण तशा अकराच फेऱ्या झाल्या. मग बाबांचा गुडघा पार गेला. आता घरातल्या घरात चालायलाही वहिनीचा खांदा लागतो. दोन पायऱ्या तर फार लांबच्या झाल्या. दादा रोज एकटा निघतो, काट्यावर पस्तीस ठेवून सावकाश चालवतो, काचा फुटत नाहीत. माझी सीट त्याने पुसून रिकामी ठेवली आहे. त्या दोन महिन्यांत बाबांचा गुडघा अजून पायरी चढण्याइतका धड होता. एक पायरी असती तर पन्नास-साठ फेऱ्या सहज झाल्या असत्या. त्या आता कुठलाही वेल्डर जोडून देणार नाही.

मित्रांनो, मोठी चाकं जरूर घ्या, उंच व्हा, मिरवा. मीही मिरवले, खोटं कशाला बोलू! पण तुमच्या घरातलं कुणी "तू जा, मला काम आहे" म्हणालं, तर एकदाच विश्वास ठेवा. दुसऱ्यांदा तेच म्हणालं, तर निघून जाऊ नका. इंजिन बंद करा, खाली उतरा, त्यांच्यापाशी जा आणि काय झालं ते विचारा. मी पहिल्याच सकाळी त्यांचा पाय हवेत थांबलेला पाहिला होता. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.