रंगूचा भुईचाफा

तर ही रंगू, जावळीच्या डोंगरातनं कुंडलला नांदायला आलेली, आन् आल्या आल्या आडावर पानी भरताना बायकांस्नी सांगून बसली, की आमच्याकडं भुईलाच फूल येतं. पान न्हाई, दांडा न्हाई. ऐन उनाळ्यात झाडाबुडच्या कोरड्या मातीतनं पांढरं-जांभळं फूल उघडतं, आन् वास तर असला, की चालता मानूस वाट इसरून हुबा ऱ्हातो. झालं, आडावर हसू फुटलं ते थांबंचना. शेजारची हुसेनबी म्हनली, "आन् गं, तुमच्यात दगडाला काय येतं? शेंगा?"

तवापास्नं रंगू घागर घिऊन आली, की कोनतरी तिला फुलाचं इचारायचंच.

नवरा जोतीराम पलटणीत, लढाईवर. घरात ती आन् सासरा आप्पासो, दोघंच. गाऱ्हानं सांगायचं कुनाला? पन रंगूनं माहेरास्नं वटीत भुईचाफ्याचा एक कंद आनलावता. त्यो तिनं मळ्यात आंब्याबुडी लावला. कुंडलचं ऊन उसाला ग्वाड, पन ह्याला इख. म्हनून तिनं कुजका पाला घातला, आन् दुपारी ऊन फांदीखालनं आत शिरलं, की ही जाऊन मधी हुबी ऱ्हायची, सोताची सावली कंदावर धरून. हुबं ऱ्हाता ऱ्हाता डोळं मिटायचं. मग मळा कुटं जायचा कुनास ठावं, पाटाच्या पान्याचा तेवढा आवाज ऱ्हायचा, आन् ती जावळीच्या रानात, हिरव्या अंधारात, पोरगी हून चालत असायची.

पावसात पानं आली. रुंद, पोटाला जांभळी. बायका बघून गेल्या आन् म्हनल्या, ही तर हळद. रंगू म्हनली, उनाळा यिऊ द्या की. थंडीत पानं वाळून पडली. कंद झोपला, आता त्याला पानी न्हाई द्यायचं, हात न्हाई लावायचा, एवढं तिला पक्कं ठावं व्हतं.

पन आप्पासोला कुटं ठावं? हळदीची काढनी चाललेली. आंब्याबुडी बी वाळली पानं दिसली, तवा म्हाताऱ्याला वाटलं, सुनंची हळद बी काढून द्यावी, तेवढंच पोरीचं काम हलकं. घातली कुदळ, काढला कंद, दिला शिजवायच्या मोठ्या ढिगात टाकून. सांजच्याला भाकरी खाता खाता कौतुकानं सांगितलं. म्हनला, शिजली बी आसंल एव्हाना.

"मामंजी," रंगू म्हनली, "ती हळद न्हवती वो."

 म्हाताऱ्यानं घास खाली ठिवला, आन् मग काय व्हतं ते तिच्याकडनं इचारून घेतलं.

त्याच्यानंतर रंगूला कुनी चिडवलं तरी ती बोलंना. म्हंजी बघा, तिला सोतालाच वाटाय लागलं, की आपुन खरंच बघितलंवतं का? का लहानपनी कवा झोपंत बघितलं, आन् खरं धरून बसलो? डोळं मिटून बघायची, तर रान दिसायचं, पन रानाची भुई नुसती कोरडी.

उनाळा चढला, आखिती जवळ आली. हळद लावायची म्हनून आप्पासो पाटी घिऊन बियान्याला न शिजवता राखलेलं कंद उचलाय निघाला. बियान्याचा ढीग आंब्याच्या गार सावलीला, मातीपाल्यानं झाकलेला. रंगू म्होरं चालत व्हती, आन् चालता चालता हुबी ऱ्हायली. वास आला. तिनं डोळं मिटलं ते उघडलंच न्हाईत, भ्याली, उघडलं तर जाईल म्हनून. तशीच चाचपडत बसली, आन् मग बघितलं.

ढिगाच्या कडंला, मातीतनं, नुसतं फूल. शिजायच्या आधीच कुनी निवडून बियान्यात टाकलावता कंद, आन् तिथं त्यो निवांत झोपलावता.

आप्पासो शेजारी टेकला. वाकून फुलाचा वास घेतला.

"हेच व्हय, रंगू?"

"व्हय, मामंजी."

म्हाताऱ्यानं पाटी तिथंच ठिवली आन् उठला, तो तडक आडावर, बायकांच्या घोळक्यात. जन्मात कवा तिथं गेला न्हवता. बायकांनी गडबडीनं पदर सावरलं. त्यो म्हनला, "घागरी ऱ्हाऊ द्यात. आमच्या मळ्यात भुईला फूल आलंय. चला, दिवसभरच टिकतंय म्हनं."