मोगरीची आयाळ

मी सुषमा. अंबरनाथ पश्चिमेला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, पडदे, सोफ्याची कव्हरं, सांगाल ते शिवते. बारा वर्षांत माझ्या हातचं एकही काम परत आलं नाही, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. आता नाही ऐकवत. का, ते सांगते.

दिवाळीच्या आधी बदलापूरच्या मांजर्लीतले दौलतराव माझ्याकडे आले. त्यांची मोगरी नावाची पांढरी घोडी आहे, लग्नाच्या वरातीला देतात. तुळशीचं लग्न झालं की उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत तिला उसंत नसते. नदीकाठचा गारठा आणि वरून डास, म्हणून तिला अंगभर झूल हवी होती, मानेपासून शेपटीपर्यंत. मी घोड्याची झूल कधी शिवली नव्हती. पण "जमेल का" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. म्हटलं, माणसांचे कोट शिवते, घोडीचं काय घेऊन बसलात.

जाड कॅनव्हास घेतलं, आतून लोकरी ब्लँकेट लावलं, गळ्याला नायलॉनच्या पट्टीची दुहेरी शिवण मारली. काम एकदम मजबूत. दौलतराव खूश होऊन घेऊन गेले.

तीन आठवड्यांनी धाकलू आला. धाकलू म्हणजे मोगरीचं दाणापाणी, खरारा, सगळं बघणारा माणूस. बारवी धरणाकडच्या ठाकूरवाडीतला, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. दुकानात तेव्हा दोन बायका ब्लाऊजच्या मापाला आलेल्या. त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या मशीनवर उलगडली. आत पांढऱ्या केसांचा पुंजका होता.

"बाय, झूल घासतंय," तो म्हणाला. "घोडी चाऱ्याला मान खाली घालते ना, तवा गळ्याची पट्टी वर ओढते. आयाळ मुळापासनं चालली. आतून साटिन लाव, गुळगुळीत. अन् पुढनं सैल कर."

दोन गिऱ्हाइकांसमोर मला शिलाई शिकवतोय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "तू घोडी बघ, शिवण मी बघते. खरारा जोरात मारत असशील. आणि ते केस उचल आधी माझ्या मशीनवरून."

त्याने केस उचलले. एकेक केस वेचून पुडीत घातला. "शेठ गावाला गेलेत," म्हणाला, "आले का त्यांना दाखवतो." आणि गेला.

चार-पाच दिवसांनी दौलतरावांचा फोन. "सुषमाताई, एक विचारायचंय. झूल घासते म्हणून सांगायला धाकलू तुमच्याकडे आला होता का? केस घेऊन?"

मला वाटलं, झाली तक्रार. आता झूल परत येणार, आणि माझी बारा वर्षं पाण्यात. मी म्हटलं, "नाही हो. कुणी आलं नाही. माझ्या झुलीत काही खोट नाही."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. ते का विचारतायत, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आठवड्याने चंद्री आली, धाकलूची बायको. मांजर्लीत तीन घरची धुणीभांडी करायची. दुकानाच्या पायरीखाली उभी राहिली, वर यायला तयार नाही. तिथूनच तिने सांगितलं. दौलतराव गावाहून आले, बघतात तर मोगरीच्या मानेला खांद्याजवळ वीतभर आयाळच नाही. त्यांनी आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी, सगळ्यांसमोर, धाकलूची पिशवी उलटी केली. केसांची पुडी निघाली. वाडीतले लोक घोड्याच्या केसांचे फासे करून लावे पक्षी धरतात, म्हणून कापलेस, असं म्हणाले. धाकलू म्हणाला, टेलरबायला दाखवायला नेलेले, विचारा तिला.

"मग शेटनी फोन लावला. आवाज मोठा केलता," चंद्री म्हणाली. "सगळ्यांनी ऐकला तुझा नाय."

धाकलूचं काम गेलं. चोराची बायको म्हणून चंद्रीची तिन्ही घरं गेली.

"बाय, आलता का नाय त्यो तुझ्याकं?"

"आला होता."

"मग?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तो दोर मीच वळून दिला होता. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मांजर्ली गाठली. गेटजवळच्या शेडमध्ये मोगरी झूल घालून उभी होती. मी गळ्याच्या पट्टीखाली हात घातला तर बोटंसुद्धा नीट शिरेनात. घोडीने चाऱ्यासाठी मान खाली नेली, तशी पट्टी माझा हात घेऊन करकचत वर सरकली. माझी चामडी सोलवटली. शिवणीत पांढरे केस अडकलेले, आणि खालची कातडी उघडी, खरखरीत झालेली. ती मुकी, तिने कुणाला सांगायचं? ज्याने तिच्या वतीने सांगितलं, त्याला मी हाकललं होतं.

दौलतरावांना मी हात दाखवला. म्हटलं, झूलच घासते, धाकलूने काही कापलं नाही.

"मग त्या दिवशी फोनवर?"

"तो आला होता. माझ्या लक्षात राहिलं नाही." एवढंच म्हटलं. इतकं झाल्यावरही माझी जीभ खरं बोलायला तयार नव्हती.

दौलतरावांनी लगेच मोगरीची झूल सोडली. माणूस वाईट नाही, पण तापट. "रविवारी जाऊन घेऊन येऊ त्याला," म्हणाले.

मी झूल घरी आणून पूर्ण उसवली. उल्हासनगरला जाऊन सॅटिन आणलं. घोडीला सॅटिन म्हटल्यावर सिंधी दुकानदार हसला, "दुल्हन वोही है क्या?" म्हणाला. एरवी मी चांगलं सुनावलं असतं. धाकलूने सांगितलं होतं तसंच केलं. मान आणि खांद्याला आतून सॅटिन, नायलॉनची पट्टी काढून टाकली, गळा वर आयाळीपासून लांब कापला, पुढे दोन चुण्या देऊन सैल केलं.

रविवारी दौलतरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून वाडीत गेले. धाकलू अंगणात भाताचे भारे रचत होता. दौलतरावांनी हात जोडले. चुकलो म्हणाले, उद्यापासून ये म्हणाले. मीही म्हटलं, "माझं चुकलं रे, मी विसरले होते."

धाकलूने भारा खाली ठेवला. "इसरली नव्हतीस," तो म्हणाला.

मी हातातल्या झुलीची घडी सारखी केली.

"अन् हितं कशाला सांगताय? हितं मला कुणी चोर म्हणत नाय. जिथं ऐकवलं, तिथं सांगा."

बरोबर होतं त्याचं. एका शब्दाने मी त्याला बुडवलं ते मांजर्लीच्या गेटवर, त्याच्या वाडीत नव्हे.

चौघं परत मांजर्लीला आलो, धाकलू आणि चंद्री रिक्षाने. सुट्टीची सकाळ, गेटवर दूधवाला, पेपरवाले, मुलं, बायका. दौलतरावांनी सगळ्यांना हाक मारली. पहिल्या मजल्यावरच्या माधवीताई, ज्यांच्याकडे चंद्री कामाला होती, त्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

मी झूल हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "मी टेलर. त्या दिवशी फोनवर मी खोटं बोलले. धाकलू माझ्याकडे आला होता. झूल घासते, सॅटिन लाव, सैल कर, हे सगळं त्याने सांगितलं. ते केस त्याने मला दाखवायला आणले होते. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर हाकललं, आणि नंतर माझ्या शिलाईला नाव ठेवतील म्हणून नाही म्हटलं. विसरले नव्हते. आयाळ माझ्या झुलीने गेली."

एका बाईने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी जन्मात विसरणार नाही. पाहू दे.

"आता बरोबर," धाकलू म्हणाला.

माधवीताई वरून म्हणाल्या, "चंद्री, उद्या ये गं कामाला." चंद्रीने वर पाहिलं, हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

धाकलूने माझ्या हातातून झूल घेतली, उलटी केली, आतून तळवा फिरवून पाहिला. मग मोगरीवर घातली, गळा ओढून बघितला, पुढचे बंद बांधले. घोडीने मान खाली घातली, झूल जागची हलली नाही. दौलतरावांचा चेहरा खुलला. "मग उद्या सकाळी सहाला ये," ते म्हणाले.

"नाय शेठ. घोडीला दुसरा माणूस बघा."

"अरे, आता तर सगळं मिटलं ना?"

"मिटलं. पर हितं काम केलं, तर रोज घरी जाताना कुणी न सांगता पिशवी उघडून दाखवीन मी तुम्हाला. हात आपोआप जाईल."

धाकलू आणि चंद्री रस्त्याला लागले, आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.