ओल्या टॉवेलची बेरीज

वर्गात एका जागी उभं राहणं सरांना ठाऊकच नव्हतं. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची पायपीट चाले, म्हणून कॉलेजभर त्यांचं नाव ‘येरझारे सर’ पडलं होतं. आज तर पायांना भिंगरीच लागली होती. सकाळी बायकोने चहा पुढे ठेवून सांगितलं होतं, “मी आज पाचच्या गाडीने ताईकडे चाललेय. परत कधी येईन, माहीत नाही.”

आदल्या रात्री भांडण झालं होतं ते पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून. एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? सरांनी तिला आपल्या परीने समजावलं होतं. “अगं, आपलं प्रत्येक भांडण आधीच्यापेक्षा लहान होत चाललंय. म्हणजे कधीतरी मिटणारच की.” ती कप विसळायला निघून गेली होती.

दुपारच्या गणिताच्या तासाला गुणोत्तर कसोटी शिकवायची होती. न संपणाऱ्या बेरजेतलं पुढचं पद भागिले मागचं पद. हे गुणोत्तर जाता जाता एकापेक्षा लहान संख्येकडे झुकलं, तर बेरीज एका ठिकाणी येऊन थांबते. सरांनी फळ्यावर एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी पदं मांडली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघितलं.

“गुणोत्तर दर वेळी एकापेक्षा कमीच आहे, सर. म्हणजे बेरीज थांबणार.”

दरवर्षी कुणीतरी या खड्ड्यात पडायचंच, आणि सरांना तो दाखवायला भारी आवडायचं. “कमी आहे, पण चाललंय कुठे? एकाकडेच. मग कसोटी काही सांगतच नाही, तोंड मिटून बसते. आता बेरीज करा. तिसरं नि चौथं पद मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पदं बारीक होत जातात, तरी बेरीज वाढतच...”

येरझारे सर चक्क एका जागी उभे राहिले. वर्गाला वाटलं, त्यांना चक्कर आली.

सकाळी आपण हेच तर केलं. टॉवेल तेवढा मोजला. बायको मात्र पहिल्यापासूनचं सगळं उराशी घेऊन बसली होती. स्वतःच्या मूर्खपणाची त्यांना लाज वाटली.

“उरलेलं तुम्ही करा,” म्हणत ते खडूसकट बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा बॅग दाराशी होती आणि ती सँडलचा पट्टा लावत होती.

“टॉवेल वाळत घातलाय मी,” ती म्हणाली.

“टॉवेलचं राहू दे. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी यायला हवं होतं. पेपर तपासत बसलो.”

तिचा हात पट्ट्यावरच राहिला. या गोष्टीचं नाव घरात पुन्हा कधी निघालं नव्हतं.

“आज बरं आठवलं?”

“तिथूनच सुरू झालं ना?”

“हो.” ती बॅग मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकली. “सांगेन, पण सगळं सांगेन. आणि मधे उठून फेऱ्या मारायच्या नाहीत.”

सर समोर बसले. पाय आपोआप हलायला लागला, तसा त्यांनी गुडघा दाबून धरला. आतून ते फार घाबरले होते. ती जाणार की राहणार, हे तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

पाच वाजून गेले. बॅग अजून मांडीवरच होती, आणि ती आत्ता कुठे दुसऱ्या भांडणापर्यंत आली होती.