पिंपळापाशी थांबणारी घोडी

शाळेच्या अलीकडच्या पिंपळापाशी ताजुन्निसा टांग्यातून उतरली, तेव्हा अब्बांनी नेहमीसारखा टोपीला हात लावला. "सलाम, बाईसाहेब! बापाची सवारी होऊन बसणारी मास्तरीण आख्ख्या लोणावळ्यात एकच हाय."

"अब्बा, हळू बोला ना."

"मी हळूच बोलतो. ही चिमणीच फुरफुरती. लय आगाव घोडी!"

आपण टांगेवाल्याची लेक आहोत हे शाळेत कळू नये, म्हणून ती चार वर्षं तिथंच उतरत होती. त्याच दुपारी स्टेशनाबाहेर, टांग्यातच, अब्बा बसल्या जागी गेले.

चाळीस दिवस सरल्यावर ती पुन्हा शाळेला निघाली. लगाम आता चुलतभाऊ नसीरच्या हाती होता. पिंपळ आला आणि चिमणी आपोआप थांबली. नसीरनं चुचकारलं, दटावलं, पण घोडी ढिम्म हलेना. समोरून शाळेच्या मोठ्या बाई छत्री टेकत येत होत्या. त्यांना हसू आलं.

"भारीच हट्टी जनावर! कुणाचा हो हा टांगा?"

ताजुन्निसा खाली उतरली. पुढं जाऊन तिनं चिमणीच्या मानेवर हात ठेवला.

"माझ्या अब्बांचा," ती मोठ्यानं म्हणाली. "इथं थांबायची खोड हिला मीच लावली, बाई."