चौथ्या टेबलाखालचं मशीन

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत अकरा कॉम्प्युटर होते, आणि अकराही जण त्यांच्या तब्येतीसाठी एकाच माणसाकडे धाव घ्यायचे. त्याला सगळे ब्लोअरकाका म्हणत. हातात कायम धूळ उडवायचा ब्लोअर, खिशात रंगाचा मऊ ब्रश आणि स्क्रू-ड्रायव्हर. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो एकेक कॅबिनेट उघडायचा. पंख्याचं पातं बोटानं धरून हवा मारायचा, कारण मोकळा पंखा हवेनं भरमसाट फिरला की वाया जातो. बसलेली धूळ ब्रशनं काढायचा, सुटलेल्या वायरी बांधायचा. दोन वर्षांनी एकदा प्रोसेसर थंड ठेवणारी, सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावायचा. कॅबिनेट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, चहा लांब ठेवा, घरी जाताना बटण दाबून नव्हे तर नीट बंद करून जा, नको त्या फायली साठवू नका, हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. काम झालं की आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि सही. दहा-दहा वर्षांची मशीन त्यानं अशी चालती ठेवली होती.

चौथं टेबल त्याच्या बायकोचं. फुटलेल्या पाइपांच्या तक्रारी ती लिहून घ्यायची. दुपारी डबा खाऊन झाला की तिथंच वेणी सोडून पुन्हा घालायची. कॅबिनेट पायाशी, त्यामुळे गळलेले केस पंखा आत ओढून घ्यायचा. दर महिन्याला तो चिमट्यानं केसांचा गुंता काढायचा आणि तिच्यासमोर धरायचा. ती म्हणायची, ठेवा जपून, म्हातारपणी गंगावनाला होतील. सगळी कचेरी हसायची.

ती जाऊन पाच महिने झाले होते, आणि पाच पहिले शनिवार त्यानं चौथं टेबल वगळलं होतं.

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती गेल्यावर तिची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. भाऊजींना त्रास नको म्हणून तिनं साड्या धुऊन देऊन टाकल्या, उशांचे अभ्रे उकळले, घर लख्ख केलं. कंगवासुद्धा गरम पाण्यात बुडवून घासला. बिचारीनं मायेनंच केलं. बहीण परत गेल्यावर त्यानं पलंगाखाली, मोरीच्या जाळीत, कपाटामागे हात घालून पाहिलं. एक केस मिळाला नाही. आता जे काही उरलं होतं ते चौथ्या टेबलाखाली, त्या पत्र्याच्या डब्यात.

बाहेर काढले तर ते नुसते केस होतील, आत होते तोवर ती तिथं होती; म्हणून तो उघडत नव्हता. दुसऱ्या महिन्यातच आतून बारीक करकर यायला लागली. पंख्याचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस तो. ती करकर त्याला पहिल्या दिवशीच कळली होती, आणि त्यानं कानाडोळा केला होता. चौथ्या महिन्यात मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं. तिथं कुणी बसत नव्हतं, म्हणून कुणी बोललंही नाही. सकाळी तोच ते सुरू करायचा आणि बंद पडेपर्यंत शेजारी उभा राहायचा.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की शुक्रवारी मोठ्या कचेरीतून तपासनीस येणार. प्रत्येक मशीन तासभर चालवून बघणार. जे तग धरेल ते राहील, बंद पडेल ते त्याच संध्याकाळी भंगाराच्या गाडीत जाईल, डब्यासकट मोजून. बंद पडलं तर चौथं मशीन घरी नेऊ का, असं त्यानं नंतर एकट्यानं जाऊन विचारलं. साहेब माणूस चांगला, पण नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता.

साफ केलं तर ती आतून जाणार, आणि नाही केलं तर डब्यासकट जाणार. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी त्यानं बाजूचा पत्रा न काढता नुसता टेबलपंखा लावून पाहिला. वीस मिनिटं. बुधवारी कॅबिनेट टेबलावर घेतलं. बावीस. गुरुवारी खिडकीत ठेवलं. सव्वीस मिनिटं, आणि पडदा काळा.

शुक्रवारी तो आठ वाजता आला. पाठोपाठ शेजारच्या टेबलावरची बाई आली. बायकोला ती ताई म्हणायची, त्यामुळे तो तिचा भाऊजी. तिनं विचारलं, तुमचा हात चालत नसेल तर मी करू का? त्यानं मानेनंच नको म्हटलं. खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि चारही स्क्रू काढले.

चिठ्ठीवरची शेवटची सही तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आठवडाभर आधीची होती. त्या शनिवारी ती जिना चढून आली आणि खुर्चीत बसून कितीतरी वेळ धापा टाकत होती. हा खाली बसून तिच्या कॅबिनेटला कान लावत होता. ती हसत म्हणाली होती, "मशीनची नाडी बरोबर सापडते हो तुम्हाला. बायकोची कधी बघायची?" पुढच्या रविवारी डॉक्टरकडे जाऊ, असं तो म्हणाला होता. त्याच्या आधीच्या रविवारीही तेच म्हणाला होता.

पंख्याच्या आसाला केस घट्ट गुंडाळलेले होते. काही काळे, बरेच पांढरे. वर राखाडी धुळीची गोधडी. त्यानं एकही केस तोडला नाही. चिमट्यानं एकेक फेरा उलगडत गेला, आणि त्यालाच पाऊण तास लागला. केस त्यानं एका कागदी पाकिटात ठेवले. ब्लोअर मात्र हातात घेतला नाही. धूळ ब्रशनं कागदावर झाडली, तीही पाकिटात भरली. पंख्याला तेलाचा थेंब दिला, नवी पेस्ट लावली. बटण दाबलं तेव्हा मशीन इतकं शांत चाललं की शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तपासनीस अकरा वाजता आले. मशीन सुरू करून त्यांनी घड्याळ लावलं. सव्वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. तो भिंतीला टेकून उभा होता, ओठ हलत होते. आणखी जरा, एवढंच म्हणत होता. पन्नास झाली तेव्हा शेजारणीनं त्याच्याकडे बघून मान डोलावली.

बावन्नाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

तपासनिसांनी पुन्हा सुरू केलं. सुरूच होईना. कुणीतरी हळूच त्यांच्या कानात सांगितलं असावं की ते टेबल कुणाचं होतं, कारण त्यांनी पेन थांबवलं आणि सावकाश विचारलं, "वायर सैल असेल का? तसं असेल तर मी पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन बघतो."

शेजारीण पटकन म्हणाली, "हो, सैलच आहे ती. कालपासून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. एक हो म्हटलं असतं तर महिना मिळत होता. पण महिन्याभरानं काय होणार, हे त्याला त्या खोलीत सर्वांत चांगलं ठाऊक होतं. इतक्या दिवसांच्या उष्णतेनं आतला बोर्डच भाजून निघाला होता.

"वायर ठीक आहे," तो म्हणाला. "पाच महिने मी उघडलं नाही. आवाज येत होता. मला ऐकू येत होता."

तपासनिसांनी फुली मारली.

संध्याकाळी गाडी यायच्या आत त्यानं चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घालून सही केली. भंगारात जाणाऱ्या डब्याला पत्रा बसवून चारही स्क्रू घट्ट आवळले. हमालांनी उचलला तेव्हा एवढंच म्हणाला, सांभाळून, वजन आहे. गाडी फाटकाबाहेर गेली तरी तो खिशातल्या पाकिटावर हात ठेवून टेबलाशी तसाच उभा होता. बायका आवराआवर करत होत्या. तेवढ्यात त्याची मान शेजारणीच्या टेबलाकडे वळली.

"तुमचा पंखा कधीपासून वाजतोय?"

शेजारणीनं कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या हो भाऊजी. सकाळपासून पोटात अन्न नाही तुमच्या. पहिल्या शनिवारी बघा."

तो तोवर गुडघ्यांवर बसला होता.

"बंद करा," तो म्हणाला. "आत्ता."